शेवटचं ७२ किलो पाणी

नुकत्याच तोडलेल्या रेडिआटा पाइनच्या सालीजवळच्या एक घनमीटर लाकडात साधारण ४०० किलो लाकूड असतं आणि ६०० किलो पाणी. ते बांधकामाला किंवा फर्निचरला चालेल असं वाळवायचं, तर ५५२ किलो पाणी काढावं लागतं. त्यातलं पहिलं ४८० किलो निघून जातं तेव्हा फळीची लांबी, रुंदी आणि जाडी जिथल्या तिथे असते. उरलेलं ७२ किलो, म्हणजे काढलेल्या पाण्याच्या १३ टक्के, निघताना फळी आटते. वाकणं, पिळणं, पन्हळीसारखं वळणं हे सगळं या १३ टक्क्यांच्या काळात होतं.

हिशेबाची पद्धत आधी सांगायला हवी, कारण लाकडाच्या धंद्यात ओल १०० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. ओल मोजताना पाण्याच्या वजनाला पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाने भागतात. ४०० किलो लाकडात ६०० किलो पाणी म्हणजे १५० टक्के ओल. वाळलेल्या मालाचा नेहमीचा मापदंड १२ टक्के, म्हणजे ४०० किलोमागे ४८ किलो पाणी. यातलं बरंचसं पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं भरलेलं असतं. ते गेलं तरी पेशीची भिंत फुगलेलीच राहते. ओल सुमारे ३० टक्क्यांवर आली की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भिंतीत मुरलेलं पाणी निघायला लागतं. या टप्प्याला तंतुसंपृक्ती बिंदू म्हणतात. १५० वरून ३० पर्यंतचा प्रवास लाकडाच्या आकाराच्या दृष्टीने फुकटचा असतो. किंमत मोजावी लागते ती ३० वरून १२ पर्यंतच्या १८ अंकांची.

उदाहरणासाठी हे लाकूड निवडायचं कारण त्याच्या लागवडीच्या आकड्यांत आहे. रेडिआटा पाइनचं मूळ घर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तीन तुकडे आणि मेक्सिकोची दोन बेटं. नैसर्गिक जंगल जेमतेम काही हजार हेक्टर. जगभरची लागवड मात्र ४० लाख हेक्टरांच्या वर आहे. एकट्या न्यूझीलंडमध्ये लागवडीची जंगलं सुमारे १७ ते १८ लाख हेक्टर, म्हणजे देशाच्या जमिनीच्या साडेसहा ते सात टक्के, आणि त्यांतलं जवळपास ९० टक्के क्षेत्र या एकाच झाडाचं. वर्षाला साडेतीन कोटी घनमीटरच्या आसपास लाकूड तिथे तोडलं जातं. झाड तोडलं जातं ते साधारण २८व्या वर्षी. हा २८ चा आकडा लक्षात ठेवावा. पुढच्या बऱ्याच वाकड्या फळ्या त्यातूनच निघतात.

आता आटण्याची टक्केवारी. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत रेडिआटा पाइन वलयांच्या कडेकडेने, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेत ६.७ टक्के आटतो. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेत ३.४ टक्के. गुणोत्तर जवळपास दोनास एक. प्रत्यक्षात लाकूड पूर्ण कोरडं करत नाहीत, १२ टक्क्यांवर थांबतात. ३० ते १२ हा टप्पा एकूण आटण्याच्या ६० टक्के भरतो. त्यामुळे व्यवहाराचे आकडे ४ टक्के आणि २ टक्के.

मराठी वाचकाला तुलनेसाठी साग सोयीचा. सागाचे त्याच मोजमापाचे आकडे ५.३ आणि २.६ टक्के. एकूण आटणं पाइनपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी, पण गुणोत्तर तेच, दोनास एक. म्हणजे ‘साग हलत नाही, पाइन हलतो’ या वखारीतल्या ठाम मताचा उलगडा या दोन आकड्यांतून होत नाही. २१ टक्क्यांच्या फरकावर एवढी ख्याती आणि एवढी बदनामी उभी राहात नाही. पाइनच्या बदनामीचं मोठं कारण तिसऱ्या आकड्यात आहे, आणि तो बहुतेक तक्त्यांत छापलेलाच नसतो.

त्याआधी पहिल्या दोन आकड्यांचं काम पाहून घेऊ. ते सरळ आहे. २०० मिमी रुंदीची फळी वलयांच्या कडेने कापली असेल तर ती ८ मिमी आटते; त्रिज्येच्या दिशेने कापली असेल तर ४ मिमी. एकाच ओंडक्यातून, एकाच दिवशी कापलेल्या दोन फळ्यांत ४ मिमीचा फरक पडतो तो फक्त करवत कुठून फिरली यामुळे. ५० मिमी व्यासाचा गोल दांडा वाळल्यावर एका बाजूने ४८ आणि दुसऱ्या बाजूने ४९ मिमी भरतो, लंबगोल होतो. १०० मिमीचा चौकोनी खांब, ज्याच्या टोकावर वलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात जाताना दिसतात, तो शंकरपाळीसारखा होतो: एक कर्ण १३५.७ मिमी, दुसरा १३८.६. गुण्या लावला तर चारही कोपरे चुकलेले असतात. आणि वलयांच्या कडेने कापलेली फळी सालीच्या बाजूला खोलगट होते, कारण त्या पृष्ठावर वलयं जास्त सपाट बसलेली असतात आणि ते पृष्ठ गाभ्याकडच्या पृष्ठापेक्षा जास्त आटतं.

हे सगळं गिरणवाल्याला माहीत असतं आणि तो त्याची तजवीज करतो. ९० मिमीची फळी हवी असेल तर ओली कापताना तो वाढीव माप धरतो. ४ टक्के म्हणजे ३.६ मिमी, वर रंध्याचे एक-दोन मिमी. टक्केवारी मोठी आहे, पण ती आधी कळते. आधी कळलेलं नुकसान खर्चात धरता येतं.

तिसरा आकडा लांबीचा. सरळ वाढलेलं प्रौढ लाकूड लांबीत ०.१ ते ०.२ टक्के आटतं, तेही पूर्ण कोरडं होईपर्यंत. रुंदीच्या तुलनेत हा आकडा तीस ते साठपट लहान, म्हणून तक्ते तो गाळतात. २.४ मीटरच्या फळीत ०.१ टक्के म्हणजे २.४ मिमी, भिंतीच्या सांगाड्यात ते कुणाला कळतही नाही. पण झाडाच्या मध्याजवळच्या लाकडात हाच आकडा १ टक्क्याच्या पुढे, काही ठिकाणी २ टक्क्यांपर्यंत जातो. एकाच झाडात, हाताच्या वितीएवढ्या अंतरात, दहापट फरक. रुंदीतल्या आटण्यात अशी उडी कुठेच नाही.

हा फरक एकाच फळीत आला की काय होतं, ते उदाहरणाने पाहू. न्यूझीलंडच्या घरांच्या लाकडी सांगाड्यातली नेहमीची फळी ९० मिमी रुंद, ४५ मिमी जाड आणि २.४ मीटर लांब. तिची एक कड गाभ्याकडे आहे, दुसरी सालीकडे. धरू की १२ टक्क्यांपर्यंत वाळताना गाभ्याकडची कड ०.३ टक्के आटली आणि सालीकडची ०.१ टक्के. एक कड ७.२ मिमी आखूड झाली, दुसरी २.४ मिमी. दोहोंतला फरक ४.८ मिमी, २.४ मीटरवर हा फरक नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसेल. पण दोन कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत, त्यामुळे फळीला कमान धरण्यावाचून गत्यंतर नाही. बाकाचं गणित असं: दोन कडांच्या आटण्यातला फरक, गुणिले लांबीचा वर्ग, भागिले रुंदीची आठपट. उत्तर १६ मिमी. ४.८ मिमीच्या फरकातून मध्यभागी १६ मिमीचा बाक. ज्या फळीची रुंदी ४ टक्के, म्हणजे त्याहून कितीतरी पट जास्त आटली, तिचं रुंदीतलं नुकसान ३.६ मिमी, जिची लांबी सरासरी ०.२ टक्के आटली, तिचं नुकसान १६ मिमी.

सरासरी शब्द इथे मुद्दाम वापरला. फळीच्या लांबीतलं सरासरी आटणं ०.२ टक्के, म्हणजे प्रौढ लाकडाच्या वरच्या मर्यादेइतकंच. ज्याने फक्त सरासरी पाहिली त्याच्या लेखी ही फळी सरळ आहे. दोन्ही कडा ०.३ टक्के आटल्या असत्या तर सरासरी दीडपट झाली असती आणि फळी तरीही सरळ राहिली असती.

सूत्रातल्या लांबीच्या वर्गामुळे आणखी एक गोष्ट होते. तीच फळी ४.८ मीटर लांब असती तर बाक दुप्पट न होता चौपट, ६४ मिमी झाला असता. ग्राहक लांब फळीला मीटरमागे जास्त दर देतो आणि तिच्यात बाकाची जोखीमही मीटरमागे जास्त घेतो.

मध्याजवळच्या लाकडात हे का होतं, याचं उत्तर पेशीच्या भिंतीत आहे. भिंतीच्या सर्वांत जाड थरात सेल्युलोजचे सूक्ष्म धागे पेशीभोवती मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात आणि पाणी त्या धाग्यांच्या मध्ये मुरलेलं असतं. पाणी गेलं की धागे एकमेकांजवळ येतात. धाग्यांची स्वतःची लांबी बदलत नाही. खराट्याच्या उभ्या काड्यांची जुडी आवळली तर जुडी बारीक होते, उंची तेवढीच राहते. काड्या चांगल्याच तिरप्या असल्या तर आवळताना उंचीही घटते. रेडिआटा पाइनमध्ये मध्याजवळ हे धागे झाडाच्या उभ्या रेषेशी ३५ ते ४० अंशांचा, बुंध्याशी त्याहूनही जास्त कोन करतात. प्रौढ लाकडात तोच कोन १५ अंशांच्या आसपास किंवा खाली येतो. ३० अंशांच्या खाली कोन बदलला तरी लांबीतलं आटणं फारसं बदलत नाही. ३० च्या वर ते झपाट्याने चढतं. कोवळ्या झाडाला वाऱ्यात मोडण्यापेक्षा लवणं फायद्याचं असतं आणि तिरप्या धाग्यांची पेशी लवते. झाडाची ही सोय २५ वर्षांनी फळीच्या वाट्याला येते.

गेल्या वर्षाशी तुलना हा आकडेवारीचा नेहमीचा खेळ. झाड तो स्वतःच मांडून ठेवतं, कारण वलय म्हणजे वर्ष. कोन ४० वरून १५ वर यायला बारा-एक वर्षं धरली, तर प्रत्येक वलय आधीच्या वर्षाच्या वलयापेक्षा सरासरी २ अंशांनी सरळ. सुधारणा दरवर्षी थोडी आणि सातत्याने. अडचण वलयाच्या रुंदीत आहे. लागवडीतल्या पाइनची सुरुवातीची वलयं सहज १२ मिमी रुंद भरतात. ९० मिमीच्या फळीत अशी सात-आठ वलयं मावतात आणि फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धाग्यांचा कोन पंधराएक अंशांनी बदललेला असतो. उत्तर स्वीडनमधल्या पाइनची वलयं एक ते दीड मिमीची. त्याची पहिली दहा वर्षं १५ मिमीच्या आत संपतात. रंध्याच्या भुशात आणि कापाच्या फटीत ती जवळजवळ निघून जातात. लागवडीतल्या झाडाची पहिली दहा वर्षं १२० मिमी त्रिज्येची असतात, म्हणजे २४० मिमी जाडीचा एक आख्खा खांब. दोन्ही झाडं लहानपणी सारखीच वागली. एकाचं लहानपण लोकरीच्या गुंड्याएवढं, दुसऱ्याचं घागरीएवढं.

इथे २८ वर्षांचा आकडा परत येतो. न्यूझीलंडमध्ये पहिल्या दहा वलयांच्या लाकडाला गाभ्याचं कच्चं लाकूड धरतात. बुंध्याशी त्रिज्या २४० मिमी असेल आणि आतली १२० मिमी कच्ची असेल, तर आडव्या छेदात कच्च्या लाकडाचा वाटा २५ टक्के. तेच झाड चाळीस वर्षं ठेवलं आणि त्रिज्या ३०० मिमी झाली, तर वाटा १६ टक्के. आता झाडाच्या वरच्या भागात या. तिथे खोड २८ वर्षांचं नसतंच. शेंडा तिथे पोहोचला तेव्हापासूनचीच वलयं त्यात असतात. एखाद्या उंचीवर पंधराएक वलयं आणि १६० मिमी त्रिज्या धरली, तर कच्च्याचा वाटा ५६ टक्के. वरच्या ओंडक्यातून निघालेली फळी बुंध्याच्या फळीइतकीच जुनी दिसते आणि तिच्यावर शिक्काही त्याच झाडाचा असतो; पण तिच्यातलं लाकूड अर्ध्याहून जास्त कच्चं.

अर्थशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर २८ वर्षं हा चुकीचा निर्णय नाही. गुंतवलेल्या पैशावर बारा वर्षांचं जादा व्याज भरून कच्च्याचा वाटा २५ वरून १६ वर आणायचा, हा सौदा बहुतेक जंगलमालकांना परवडत नाही. ज्याला वाकडी फळी मिळते तो आणि जो व्याज वाचवतो तो, हे दोन वेगळे लोक आहेत.

बाकानंतर पीळ. फळीचे तीन कोपरे टेबलाला टेकतात आणि चौथा वर उचललेला राहतो, तो पीळ. त्याचं मूळ धाग्यांच्या कोनात नसून आख्ख्या पेशींच्या मांडणीत आहे: पाइनच्या खोडात पेशी अगदी उभ्या न जाता खोडाभोवती किंचित गुंडाळत वर जातात. रेडिआटा पाइनमध्ये मध्याजवळ हा तिरपेपणा सरासरी ४ ते ५ अंशांचा आणि बाहेर जाताना कमी होणारा. पिळाचं प्रमाण या कोनावर, स्पर्शिकेच्या दिशेतल्या आटण्यावर आणि फळीच्या लांबीवर सरळ अवलंबून असतं; खोडाच्या मध्यापासूनच्या अंतरावर उलट. मध्यापासून ४० मिमीवरच्या फळीची १२० मिमीवरच्या फळीशी तुलना करू. नुसत्या अंतरामुळे दुसरीचा पीळ एक-तृतीयांश. बाहेर कोनही साडेचारवरून दोनवर आला असेल तर पीळ साधारण एक-सप्तमांश. ८० मिमीच्या सरकण्यातून सात पट फरक. हिमालयातल्या चीड पाइनमध्ये हाच पेशींचा तिरपेपणा इतका जास्त असतो, की इंग्रजी अमदानीपासून वनखातं पिळलेल्या चीडची वेगळी नोंद घेत आलं आहे.

यातून एक विसंगती निघते. खोडाचा मध्य बरोबर फळीच्या मध्यात येईल असा चौकोन कापला, तर दोन्ही कडा मध्यापासून सारख्या अंतरावर असतात, दोन्ही सारख्याच आटतात आणि बाक जवळजवळ शून्य. पण मध्यापासूनचं अंतर सर्वांत कमी, म्हणून पीळ सर्वांत जास्त. मध्य फळीच्या कडेला ठेवला तर पीळ थोडा घटतो आणि बाक वाढतो. कच्च्या लाकडातून दोन्ही दोष टाळणारा काप नाही. गिरणवाला फक्त कोणता दोष पत्करायचा ते निवडतो. उभ्या खांबाला पीळ चालतो, आडव्या तुळईला बाक चालत नाही, असल्या हिशेबाने.

दुसरी विसंगती घनतेची. सर्वसाधारण नियम असा, की जड लाकूड जास्त आटतं. कच्चं लाकूड हलकं असतं. मध्याजवळ घनमीटरला साडेतीनशे किलो, बाहेर साडेचारशेच्या पुढे. त्या नियमाप्रमाणे ते रुंदीत खरोखरच कमी आटतं आणि लांबीत मात्र कितीतरी जास्त. डोंगरउतारावरच्या किंवा वाऱ्याने कललेल्या झाडाच्या खालच्या बाजूला जे लालसर दाट लाकूड धरतं, ते याहून पुढचं: वजनाला जड असूनही रुंदीत कमी आटतं आणि लांबीत १ ते २ टक्के. अशा लाकडाचा बोटभर पट्टा फळीच्या एका कडेत आला, तर वरच्या सूत्रातल्या ०.२ टक्क्यांच्या जागी सहज ०.५ येतात आणि १६ मिमीचे ४० मिमी होतात.

तिसरी विसंगती पाण्याची, आणि ती भट्टीवाल्याच्या डोक्याला सर्वांत जास्त ताप देते. सुरुवातीला सांगितलेली १५० टक्के ओल सालीकडच्या लाकडाची. आतल्या, गाभ्याकडच्या भागाची ओल तोडतानाच ४० टक्क्यांच्या आसपास असते. घनता तीच धरली, तर त्या घनमीटरात १६० किलो पाणी; १२ टक्क्यांपर्यंत यायला ११२ किलो काढावं लागतं. त्यातलं मोकळं पाणी फक्त ४० किलो. उरतं ७२ किलो. एका घनमीटरातून ५५२ किलो काढायचं, दुसऱ्यातून ११२, पण आकार बिघडवणारा हिस्सा दोहोंत अगदी सारखा. भट्टीत दोन्ही प्रकारच्या फळ्या एकाच थप्पीत असल्या, तर ओली फळी १२ वर येईपर्यंत दुसरी ६ पर्यंत घसरलेली असते. त्या जादा ६ अंकांची किंमत, अंकाला साधारण ०.२२ टक्के या दराने, ९० मिमीवर १.२ मिमी. मोठा आकडा नाही. पण वाकायच्या मार्गावर असलेल्या फळीला तेवढंही पुरतं.

न्यूझीलंडच्या गिरण्यांनी यावर काढलेला तोडगा दांडगाईचा आहे. भट्टीतली हवा १२० अंश सेल्सिअस, ओल्या फडक्याच्या तापमापकावर ७० अंश, आणि थप्पीवर चौरस मीटरला १,००० किलोपर्यंत वजन, बहुतेकदा काँक्रीटचे ठोकळे. २.४ बाय ६ मीटरच्या थप्पीवर हे वजन १४ टनांच्या वर जातं. इतक्या उष्णतेत ओलं लाकूड नरम पडतं आणि दाबाखाली सरळ राहून तसंच वाळतं. ५० मिमीच्या फळ्या एका दिवसात निघतात. उघड्यावर त्यांना महिने लागले असते. हे वजन आटणं थांबवत नाही. आटण्याचा ताण लाकडाला आतल्या आत गिळायला लावतं. फळी पुढे पुन्हा ओली आणि पुन्हा कोरडी झाली, की गिळलेल्यातलं काही बाहेर येतं.

स्वस्त उपाय भट्टीच्या आधीचा आहे: ओंडका ऐकणं. ओंडक्याच्या टोकावर हातोडा मारला तर ध्वनिलहर दुसऱ्या टोकाला जाऊन परत येते. तिच्या वेगाच्या वर्गाला घनतेने गुणलं की लाकडाचा ताठपणा मिळतो. ओल्या ओंडक्याची घनता घनमीटरला १,००० किलो धरली, तर सेकंदाला २.५ किमी वेगाला ताठपणा ६.२५ गिगापास्कल, ३ किमीला ९. वेग २० टक्क्यांनी वाढला की ताठपणा ४४ टक्क्यांनी. तिथल्या सांगाड्याच्या नेहमीच्या प्रतीला ८ गिगापास्कल लागतात. म्हणजे सीमारेषा सेकंदाला २.८ किमीच्या आसपास. वेग आणि ताठपणा कमी असतो तो धाग्यांच्या त्याच तिरप्या कोनामुळे, म्हणून मंद आवाजाचा ओंडका बहुतांशी वाकड्या फळ्यांचा ओंडका असतो. करवतीखाली जाण्याआधीच तो खोक्यांच्या कारखान्याकडे वळवता येतो.

खोक्यांचा कारखाना भारतातही आहे. न्यूझीलंडचा पाइन ओंडक्यांच्या रूपात कांडला बंदरात उतरतो, गांधीधामच्या गिरण्यांत चिरला जातो आणि पट्ट्या, रीपा होऊन देशभर जातो. पुण्या-मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात पॅलेट आणि यंत्रांची खोकी बांधणाऱ्यांच्या हाती येणारा ‘पाइनवुड’ मोठ्या प्रमाणात हा, किंवा अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या लागवडींतला असाच जलद वाढलेला माल.

इथे एक शिक्का रोज चुकीचा वाचला जातो. निर्यातीच्या पॅलेटवर ‘एचटी’ ही अक्षरं असतात. ती २००२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाची: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं, कीड मरावी म्हणून. नियमात ओलीचा आकडा नाही. ६० टक्के ओलीची पट्टीही ही अट पूर्ण करते आणि तिचं शेवटचं ७२ किलो पाणी अजून निघायचं असतं. ‘एचटी’ पाहून ‘सीझन्ड’ समजून घेतलेली पट्टी ग्राहकाच्या दारात, त्याच्या खर्चाने वाळते. भट्टीत वाळवलेल्या मालाची खूण वेगळी, ‘केडी’. या दोन अक्षरांसाठी जास्त दर मागितला तर तो देण्यासारखा आहे, पण ओलमापकाच्या दोन सुया टोचून आकडा बघितल्यावरच.

शिवाय १२ टक्के हा मुक्कामाचा आकडा नाही. लाकडाची ओल हवेशी जुळवून घेत राहते. ३० अंश तापमानात हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकूड साधारण १८ टक्क्यांवर स्थिरावतं. आर्द्रता ३० टक्के असेल तर ६ टक्क्यांवर. पहिली आर्द्रता साधारण मुंबईच्या जुलैची, दुसरी विदर्भाच्या मे महिन्याची. लाकडाच्या ओलीसाठी भारतीय मानकाने देशाचे हवेच्या आर्द्रतेनुसार चार विभाग पाडले ते याचसाठी. मुंबईत पावसाळ्यात बसवलेलं पाइनचं कपाट उन्हाळ्यात नागपूरला नेलं आणि लाकूड पूर्ण जुळलं, तर १२ अंकांचा फरक पडतो. २०० मिमीच्या फळीवर ५ मिमीच्या पुढे. घरात, रंगाखाली, लाकूड इतकं टोकाला सहसा जात नाही. पण झडप पावसात घट्ट आणि वैशाखात सैल हा अनुभव याच हिशेबाचा लहान भाग.

वखारीतला अनुभवी सुतार यातलं एकही सूत्र मांडत नाही. तो पट्टी उचलतो, एक डोळा मिटून कडेवरून नजर लावतो, मग टोक फिरवून वलयं बघतो. टोकावर वलयं जवळजवळ सरळ रेषांसारखी दिसली, तर पट्टी बाहेरच्या लाकडाची. वलयं रुंद आणि तव्याच्या कडेसारखी वळलेली दिसली, किंवा मध्यावरचा तपकिरी ठिपका दिसला, तर ती पहिल्या दहा वर्षांतली. ही पट्टी तो परत ढिगात टाकत नाही, वेगळी ठेवतो. तिचे पॅलेटच्या खालचे ठोकळे होतात, १०० मिमी लांबीचे. लांबी २४ पट कमी झाल्यावर बाक ५७६ पट घटतो, २.४ मीटरवरचे १६ मिमी तिथे ०.०३ मिमी उरतात.